एक्केचाळीस सेकंदांची पावलं

पाऊलकाकांबद्दल लोक जे सांगतात त्यातलं अर्धं खोटं आहे. कुठलं अर्धं, हे मात्र खुद्द काकांनाही सांगता यायचं नाही. म्हणे, एका चित्रपटात त्यांनी मांजराची पावलं अशी हुबेहूब वठवली की तो खेळ उतरेपर्यंत थिएटरातले उंदीर उपाशी राहिले. म्हणे, करवंटीच्या दोन तुकड्यांवर त्यांनी अख्खं घोडदळ काढलं, तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या बायकांनी धूळ येईल म्हणून खिडक्या लावून घेतल्या. खिडक्या लावल्या होत्या हे खरं. धुळीसाठी की कटकटीसाठी, एवढाच काय तो वाद.

त्यांचं काम लोकांना समजावून सांगता सांगता त्यांची बायको थकली. "आमचे हे दुसऱ्यांच्या पायांनी चालतात," असं सांगून ती मोकळी व्हायची. आणि ते खोटं नव्हतं. पडद्यावर माणूस चालतो, पण ऐकू येतो तो आवाज बहुतेक वेळा त्याच्या पावलांचा नसतो. चित्रीकरणात पंख्याची घरघर असते, कुणाचा खोकला असतो, कुणी खुर्ची सरकवतं. म्हणून नंतर एका बंद खोलीत कुणीतरी पडद्याकडे बघत तीच पावलं पुन्हा टाकतं आणि तो आवाज चित्राला जोडतात. ते कुणीतरी म्हणजे पाऊलकाका.

वय सदुसष्ट. पोट पुढे, कल्ले पांढरे, आणि पाय मात्र एखाद्या नाजूक मुलीचे. देवाने घाईत धड एकाचं आणि पाय दुसऱ्याचे चिकटवले असावेत. त्या पायांवर त्यांचं पोट चालत होतं, कारण नायिकांच्या चपला त्यांना अलगद बसत. चपलेशिवाय पाऊल म्हणजे जिभेशिवाय बोलणं, असं त्यांचं मत. चित्रीकरण संपलं की ते नायिकेच्या चपला मागून आणत आणि काम झालं की खोक्यात घालून कपाटात ठेवत. खोक्यावर नाव लिहीत.

नाव म्हणजे काय, तर सेटवर ज्या नावाने हाक मारतात ते. आणि पहिल्याच चित्रपटात काम करणाऱ्या मुलीला सेटवर नाव नसतंच. नवीला बोलवा. नवीचा मेकअप झाला का? नवी जेवली का? चित्रपट चालला की तिला नाव मिळतं, पण तोवर काकांचं खोकं बंद झालेलं असायचं. त्यामुळे कपाटाच्या वरच्या फळीवर 'नवी' लिहिलेली चार खोकी शेजारी शेजारी बसली होती, चार बहिणींसारखी.

ही चारही खोकी सरांच्या चित्रपटांची.

सर म्हणजे ज्यांनी काकांना नाटकाच्या मंडळीतून उचलून आणलं ते दिग्दर्शक. तिथे काका पत्रा हलवून वीज पाडायचे. सरांनी ऐकलं, म्हणाले, "हा माणूस पत्र्यावर वाया चाललाय." तेव्हापासून एकोणीस वर्षं काका सरांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत. आणि सरांनीही काकांना एक देणं दिलं होतं, असं काका समजत. सर जेव्हा जेव्हा नवी मुलगी घेत, तेव्हा प्रेमाचा प्रसंग फक्त पावलांतून दाखवत. चेहरे नाहीत, हात नाहीत. जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा, दोन माणसांचे पाय, बस्स. 'पावलांची कविता' असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. ते कात्रण काकांनी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं होतं. कविता सरांची, पण गळा आपला, असं ते पाहुण्यांना सांगत.

या शॉटची सरांची रीतही काका कौतुकाने सांगत. पायांचाच तर शॉट, गर्दी कशाला? कॅमेरा चालू करायचा आणि सगळ्यांनी बाहेर जायचं. नायकालासुद्धा सुट्टी. नायकाचे बूट घालून सर स्वतः उभे राहत. "केवढा कष्टाळू माणूस!" काका म्हणत. आता सरांची डावी टाच चालताना किंचित फरफटते, खर्र असा आवाज येतो, पण नायक काय फरफटत चालेल? चित्रात दिसणारी ती खर्र पुसून तिथे नायकाचं खणखणीत पाऊल ठेवायचं, हे काकांचं काम. तिथला मूळ आवाज सर कधी पाठवतच नसत. "कॅमेऱ्याची घरघर आहे नुसती. फेकून दिला."

तर सोमवारी सकाळी चौथ्या नवीच्या पावलांचं चित्र आलं. मुकं. एक्केचाळीस सेकंदांचं.

काकांच्या खोलीत जमिनीवर चौकोन होते. लाकडाचा, फरशीचा, सिमेंटचा, खडीचा, वाळूचा. मागे काच, काचेमागे यंत्रापाशी त्यांची भाची. पस्तिशीची, जिभेला धार, कानाला त्याहून जास्त. मामाच्या हाताखाली बारा वर्षं काढलेली.

"मामा, फरशीवर ये. आणि पोट आत घे, माइकला लागतंय."

"माइक बाहेर घे. पोट आधीपासून इथे आहे."

पडद्यावर टेबलापाशी दोन पाय उभे. सपाट चपला, डावीचा पट्टा सैल. समोरून बूट येतात. चपला मागे सरतात, एक, दोन, तीन. टाच टेबलाच्या पायाला लागते. बूट आणखी पुढे येतात. चपलेतल्या टाचा उचलल्या जातात, बोटांवर. डावी चप्पल सुटते. अनवाणी पाऊल दाराकडे वळतं, क्षणभर थांबतं, परत येतं. संपलं.

सरांचा निरोप कागदावर होता. मऊ. लाजल्यासारखं. टेबलाचा आवाज नको. चप्पल पडेल ती फूल पडल्यासारखी.

काकांनी खोक्यातून नवीच्या चपला काढल्या, पायात घातल्या आणि लाजले. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने लाजून तीन पावलं मागे जाणं ही बघण्यासारखी गोष्ट आहे, पण भाचीला सवय होती. ती हसली नाही. नुसती मान हलवली.

"वेळेवर आहे. पण बसत नाही रे."

"म्हणजे?"

"तिचं वाटत नाही. टेबलामागे दुसरीच कुणीतरी बाई लपून चालतेय असं वाटतंय."

पुन्हा केलं. पायमोजे घालून केलं. काढून केलं. दुपारपर्यंत साठ वेळा केलं. ज्या पायांनी मांजर, घोडा आणि एकदा तर निवृत्त झालेला न्यायाधीशसुद्धा पहिल्या झटक्यात काढला होता, त्या पायांना एका साध्या मुलीची तीन पावलं सापडेनात. शेवटी भाचीने इकडचं तिकडचं जोडून एक ठिगळ तयार केलं. मऊ, लाजरं, टेबलाशिवायचं. फूलही पाडलं.

"चालेल ना?" काकांनी विचारलं.

"सरांना चालेल," भाची म्हणाली आणि कानावरचे हेडफोन काढून गळ्यात घेतले. "मामा, तुला ठाऊक नाही ना? गुरुवारी हीच क्लिप इथल्याच छोट्या थिएटरात बघणार आहेत. कलाकार संघटनेची समिती येणार आहे. नवीने तक्रार केलीय."

"कशाची?"

"सरांची. त्या बंद खोलीतली. त्या शॉटमधली."

काका चपलांसकट खडीच्या चौकोनात बसले.

"छे! सर? अगं, तो माणूस शॉट चालू असताना पाणीसुद्धा पीत नाही!"

"सर म्हणतात, शॉटच बघा ना. ती स्वतः टाचा उचलून जवळ आलीय. समिती बघणार आणि ऐकणार." भाचीने यंत्राकडे बोट दाखवलं. "काय ऐकणार? हे."

त्या दिवशी काका घरी गेले ते जोडे उलटे घालून. बायकोने बघितलं, बोलली नाही. ही बाई बोलली नाही की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मंगळवारी नवी आली. दुसऱ्या कुठल्या प्रसंगाचे तिचे चार संवाद भरायचे राहिले होते. पंचविशीची मुलगी, केस घट्ट बांधलेले. ती दारात थबकली, कारण खोलीच्या मधोमध एक पोट सुटलेला म्हातारा तिच्या चपला घालून उभा होता.

"ये पोरी, ये. घाबरू नकोस, मी... हे माझं कामच आहे."

"माहितेय काका. सगळे सांगतात तुमच्याबद्दल. घोडदळ ना?"

"खिडक्या लावल्या होत्या," काका सवयीने म्हणाले. खरं तर त्यांना विचारायचं होतं की पोरी, हे खरं आहे का. पण ज्या माणसाने आयुष्यभर तोंडाऐवजी पाय ऐकले, त्याच्या तोंडातून भलतंच निघालं. "मला एवढंच कळत नाहीय... तू टाचा का उचलल्यास?"

काचेमागे भाचीने कपाळावर हात मारला.

नवी त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली नाही, रडली नाही. हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारला असावा, वेगवेगळ्या कपड्यांत घालून.

"तुम्हीच करून बघा ना काका," ती म्हणाली. "तुमचं कामच आहे ते." आणि संवाद भरायला पलीकडच्या खोलीत गेली. जाताना तिने एकदाच वळून विचारलं, "टेबलाचा आवाज काढलात का?"

"नाही. नको म्हणालेत."

"हं," ती म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये एवढी जागा होती की काका दिवसभर त्यात हरवून गेले.

करून बघा म्हणाली, तर त्यांनी करून बघितलं. खोलीत टेबल आणून ठेवलं. आधी लाडाने टाचा उचलल्या, एखाद्याच्या गळ्यात हात टाकायला उचलतात तशा. वजन पुढे आलं, बोटं जमिनीत रुतली, पोटरी ताणली. पडद्यावर बघितलं. तिथे बोटं रुतलेली नव्हती. ती नुसती टेकली होती आणि घसरत होती, वजन मागे होतं, टेबलावर. कुणी समोरून रेटलं तर असं होतं. की कुणी उचलून घेतलं तर? की तिला उंच व्हायचं होतं आणि चप्पल गुळगुळीत होती? काकांनी एकदा असं केलं, एकदा तसं केलं, आणि शेवटी दोन्ही सारखंच वाटायला लागलं. एखादा शब्द शंभरदा म्हटला की त्याचा अर्थ जातो ना, तसा त्या टाचांचा अर्थ गेला.

"मामा, बस झालं. पोटऱ्या फाटतील."

"थांब गं. सरांनी मला पत्र्यावरून उचललंय."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू नाही. मीच म्हणतोय."

बुधवारी सकाळी सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, लोण्यातून सुरी जावी तसा.

"काका, ऐकलं मी. छान झालंय. थोडं अजून मऊ करता येईल का? आणि मनाला लावून घेऊ नका हं. ह्या मुली... तुम्ही तर किती बघितल्यात. तुम्ही माझे पाय आहात, काका."

"हो सर," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, हे वाक्य आजवर आपल्याला किती आवडायचं.

थोडं अजून मऊ करायला म्हणून ते कपाटाकडे गेले. मन थाऱ्यावर नव्हतं. वरच्या फळीवरून 'नवी'चं खोकं काढलं, चपला पायात घातल्या, फरशीवर उभे राहिले. भाचीने चित्र लावलं. बूट आले. काकांचे पाय मागे सरले, एक, दोन, तीन. टाच टेबलाला लागली, ठक्. टाचा उचलल्या, चपलेचा तळ फरशीवर खरखरत घसरला. डावी चप्पल सुटली, फट्. अनवाणी पाऊल वळलं, थांबलं, परतलं.

काचेमागे भाची उभी राहिली होती.

"मामा! बसलं! केसाएवढासुद्धा फरक नाही! काय केलंस काय?"

काकांनी खाली बघितलं. डाव्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला होता. पट्टा सेटवरून तुटूनच आला होता; हा टाका त्यांच्या बायकोचा. आणि तो घातला होता एकोणीस वर्षांपूर्वी.

खोकं चुकलं होतं. चारही खोक्यांवर 'नवी'. पायात होत्या त्या पहिल्या नवीच्या चपला.

"चुकून बसलं," काका म्हणाले. "असं होत नाही. एका बाईची चप्पल दुसरीच्या पावलाला लागत नाही. माणसागणिक चाल निराळी असते. बोटांचे ठसे नसतात का, तशी."

"मग दुसरं खोकं घाल."

दुसरं घातलं. ती मुलगी आतल्या बाजूला पाऊल टाकायची, हे काकांना लख्ख आठवत होतं. पण टेबलापाशी आली आणि मागे सरली की तीच एक, दोन, तीन. ठक्. खरखर. फट्. तिसरं घातलं. ती चालताना टाच आपटायची. टेबलापाशी तीही तशीच. काकांनी ठरवून वेगळं चालायचा प्रयत्न केला, पण पाय त्यांचं ऐकेनात. आधी कधीतरी तीनदा गिरवलेला धडा ते आपोआप म्हणत होते. नायिकेची चाल प्रत्येक वेळी निराळी होती. एक्केचाळीस सेकंदांची चाल मात्र चौघींची एकच होती. आणि ती चौघींच्याही अंगातून काढून, मऊ करून, लाजरी करून पडद्यावर कुणी ठेवली होती? कवितेचा गळा कोण होता?

का हे आपण आत्ता कल्पनेने रचतोय? काकांना कळेना. रचण्यात तर आपली हयात गेली.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "मागे मी सरांच्या ह्या पावलांचं काम करायचो, तेव्हा काही बोलायचो का गं?"

"बोलत कुठे होता? पोटऱ्या धरून बसायचात." ती भांडी पुसत होती. "दरवेळी. घोडे काढलेत तेव्हा दुखलं नाही, सैन्य काढलंत तेव्हा दुखलं नाही. ह्या प्रेमाच्या वेळी मात्र तीन दिवस तेल चोळायला लागायचं. मी म्हणायची, अहो, हे असलं कसलं प्रेम?"

"मी काय म्हणायचो?"

"म्हणायचात, कविता आहे."

दारावरचं कात्रण जागेवरच होतं. काकांनी ते काढलं नाही. तेवढंही ठरवता येईना.

गुरुवारी अकरा वाजता छोट्या थिएटरात समिती आली. संघटनेचे दोन गृहस्थ, एक लिहून घेणारा आणि दुसरा नुसता मान डोलावणारा, आणि अध्यक्ष म्हणून थोरल्या बाई. आता या बाईंचं नाव कुणाला ठाऊक नाही असं घर नव्हतं. पण काकांच्या कपाटातलं पहिलं खोकं त्यांचंच. एकोणीस वर्षांपूर्वी त्या नवी होत्या.

एका बाजूला नवी बसली होती. दुसऱ्या बाजूला सर, पायावर पाय टाकून. पडद्याखाली एका टेबलापाशी काका उभे, हातात दोन खोकी. ती का आणली हे त्यांना सांगता आलं नसतं.

"काम लवकर आटपू," थोरल्या बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "मुली, आम्हीही ह्यातून गेलोय. प्रेमाचे प्रसंग अवघड असतात. लाज वाटते, नंतर मनात येतं की हे व्हायला नको होतं. पण काम ते काम."

सर हलकेच हसले. "बाईंना माझी पद्धत माहितेय. क्लिप लावा."

भाचीने काकांकडे बघितलं. तिच्याकडे दोन आवाज होते, सोमवारचं ठिगळ आणि बुधवारची चूक. कुठला लावू, असं ती डोळ्यांनी विचारत होती.

"आवाज लावू नकोस," काका म्हणाले. स्वतःच्या आवाजाने ते स्वतःच दचकले. "चित्र नुसतं लाव. मी चालतो."

"काका, हे काय नवीन?" सरांचं लोणी जरा घट्ट झालं.

"नवीन नाही सर. एकोणीस वर्षं हेच करतोय. फक्त आज लोक बघतायत."

त्यांनी एक खोकं उघडलं. कुठलं, ते बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ठरवावं लागलं असतं. चपला घातल्या. अंधार झाला. पडद्यावर पाय आले, बूट आले, आणि काका चालले. आधी टाच आपटून बुटांचं पाऊल काढलं, त्यात जी एकोणीस वर्षं पुसली होती ती डावी खर्र घातली. मग चपला. एक, दोन, तीन. ठक्. खरखर. फट्. पाऊल वळलं, थांबलं, परत आलं.

दिवे लागले. लिहून घेणारे गृहस्थ खोकले.

"पण काका, हा आवाज तर तुम्ही आत्ता बनवलात. हा पुरावा कसा धरायचा?"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "नका धरू. पण ते मऊ पाऊलही मीच बनवलं होतं. ते धरणार होतात ना?"

मान डोलावणाऱ्यांची मान थांबली.

"तुम्ही एवढंच सांगा," लिहिणारे म्हणाले, "तुमच्या मते हा अभिनय आहे की खरं?"

"मला कळत नाही हो," काका म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. "चार दिवस झाले, मला काही म्हणजे काही कळत नाही. मी पायांचा माणूस. सर देवमाणूस आहेत हे मला ठाऊक आहे, आणि हे पाय पळायला बघतायत हेही मला ठाऊक आहे. दोन्ही एका डोक्यात मावत नाहीत."

"म्हातारपण," सर म्हणाले. "बाई, तुम्हीच..."

पण बाई सरांकडे बघत नव्हत्या. काकांच्या पायांकडे बघत होत्या, डाव्या पट्ट्यावरच्या काळ्या टाक्याकडे.

"काका, ह्या चपला कुणाच्या?"

"खोक्यावर 'नवी' लिहिलंय, बाई."

मग थोरल्या बाई उठल्या. महागाचे उंच जोडे त्यांनी खुर्चीपाशी काढून ठेवले, पडद्याखाली आल्या आणि हात पुढे केला. काकांनी चपला दिल्या. एकोणीस वर्षांत पाय थोडे जाड झाले होते, टाच मागे जराशी बाहेर राहिली. कुणी मागितलं नसताना भाचीने टेबल पुढे सरकवलं.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

"पाठमोऱ्या उभ्या आहात, बाई. पडदा तुमच्या मागे आहे," भाची म्हणाली. "चित्र दिसणार नाही."

"लावा गं."

अंधार झाला. पडद्यावर नवीचे पाय, पडद्याखाली बाईंचे. बाईंनी एकदाही मागे बघितलं नाही. बूट आले, तेव्हा त्यांना ते दिसायचं काही कारण नव्हतं. तरी पडद्यावरचं पाऊल मागे सरलं त्याच क्षणी खालचं पाऊल मागे सरलं. एक, दोन, तीन. ठक्. टाचा उचलल्या, तळ घासला. वरची चप्पल सुटली, खालची सुटली, आणि दोन्ही आवाज असे एकावर एक बसले की काकांसारख्या माणसालासुद्धा फट सापडली नाही. अनवाणी पाऊल दाराकडे वळलं, क्षणभर थांबलं. पडद्यावरचं परत आलं. बाईंचं आलं नाही. ते दाराकडेच राहिलं.

"मला वाटायचं, मलाच नीट जमलं नव्हतं," बाई अंधारात म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, कळलं नाही. "मला वाटायचं, इतरांना जमत असेल."

दिवे लागले तेव्हा नवी उभी होती. सरही उठले होते. ते दाराकडे निघाले. बाहेरच्या लांब बोळात त्यांची पावलं ऐकू येत होती, टप्, खर्र, टप्, खर्र, आणि खोलीतली सगळी माणसं ती संपेपर्यंत ऐकत राहिली. आज ती खर्र पुसायला कुणी नव्हतं.

"लिहा," बाई लिहिणाऱ्या गृहस्थांना म्हणाल्या. "तिची तक्रार खरी आहे. आणि खाली दुसरी लिहा. माझी. मी अध्यक्षपद सोडते, तुम्ही दुसरं कुणी बघा. पण आधी लिहा."

दुपारी नवी आपल्या चपला न्यायला काकांच्या खोलीत आली.

"कळलं का काका, टाचा का उचलल्या?"

"पायांना कळलं गं पोरी," काका म्हणाले. "मला अजून वेळ लागेल." आणि मग, वय झालेल्या माणसाला जड जातं तसं, मान खाली घालून, "मऊ मीच केलं होतं. चारही वेळा."

"माहितेय," ती म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. चपला हातात घेऊन अनवाणीच गेली. काकांना वाटलं, ही अनवाणी चाल आपण कधी ऐकली नव्हती. अशी भरभर असते होय?

मग त्यांनी पेन घेतलं आणि कपाटातली खोकी खाली काढली. पहिल्यावरचं 'नवी' खोडलं, बाईंचं नाव लिहिलं. चौथं रिकामं झालं होतं, तरी त्यावर त्या मुलीचं नाव लिहिलं, भाचीला विचारून. राहिली मधली दोन. काका पेन उघडं धरून बसले. एक आतल्या बाजूला पाऊल टाकायची. दुसरी टाच आपटायची, आणि वळताना उजवा पाय जरा जास्त उचलायची. इतक्या वर्षांनीही दोघींची चाल त्यांना तोंडपाठ होती.

"मामा, काय झालं?" भाचीने काचेमागून विचारलं.

"ह्या दोघींची नावं काय होती गं?"

भाचीला आठवेना. काकांनाही आठवेना. भाची जुन्या चित्रपटांच्या याद्या शोधायला उठली, तेव्हा काका त्यातल्या एका जोडीत पाय घालून फरशीच्या चौकोनात उभे राहिले. चालून बघितलं तर नाव आठवेल, असं त्यांना का कोण जाणे, वाटत होतं.